लेकीला चालत शाळेत सोडणं: सोलापुरात अजून कोण कोण चालतंय?

चौपाडकर | ५ डिसेंबर, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच.

माझी मुलगी दुसरीत आहे. घर चौपाडात, शाळा पार्क चौकाच्या पलीकडे. अंतर सव्वा किलोमीटर. जूनपासून मी तिला स्कूटीवर सोडत होतो. ती पुढे उभी, मी हॉर्न वाजवत नवी पेठ ओलांडायची, गेटवर ‘चल, पळ’ म्हणायचं आणि वळायचं. पाच मिनिटांत काम संपायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी आठवडाभर गॅरेजला होती, म्हणून चालत निघालो. गाडी येऊन बरेच दिवस झाले, आम्ही अजून चालतोच आहोत.

पहिल्या दिवशी सत्तावीस मिनिटं लागली. ती प्रत्येक ओट्यावर चढत होती, उतरत होती. शेजारचे काका म्हणाले, “गाडी असून चालत कशाला नेऊलालाय ओ?” त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते उत्तर मला मिळालं. विठ्ठल मंदिरापासून थोडं पुढे आल्यावर ती आपणहून म्हणाली, “पप्पा, मी बाकावर एकटीच बसते.” तिची मैत्रीण ऑगस्टमध्ये दुसऱ्या तुकडीत गेली होती. ऑगस्टमध्ये! रोज रात्री मी तिला विचारत होतो की आज शाळेत काय झालं, आणि रोज ‘काही नाही’ हेच उत्तर येत होतं. समोर बसवून विचारलं की ती बोलत नाही. हात हातात असला, दोघांचीही नजर रस्त्यावर असली की बोलते. दुसऱ्या दिवशी मी बाईंना भेटलो आणि तिची जागा बदलली.

तेव्हापासून ती वीस मिनिटं मी कुणाला देत नाही. मोबाइल खिशात, आवाज बंद.

पण अडचणी आहेत, आणि त्यासाठीच हा धागा काढलाय. नवी पेठेत फुटपाथ आहे तिथे गाड्या लावलेल्या, नाही तिथे आम्ही रस्त्यावर. पार्क चौक ओलांडताना रोज छातीत धडधडतं. शिवाय मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की येताना अकरा-साडेअकराचं ऊन. तुमच्यापैकी कोण चालतं? कसं जमवता?

---

पूर्वभाग_७४ | ५ डिसेंबर, रात्री १०.४८

मालक, वाचून बरं वाटलं. मी अशोक चौकाकडचा. आमच्या पूर्व भागात चालत जाणं ही कधी ठरवून करायची गोष्ट नव्हती, दुसरा उपायच नव्हता.

आई बिडी वळायची. आदल्या दिवशी आणलेल्या पानाच्या बिड्या सकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या असायच्या. मी आणि बहीण तिच्याबरोबर निघायचो. डोक्यावर बिड्यांचं टोपलं, एका हातात बहीण, आणि मी पदर धरून. आधी आमची महापालिकेची शाळा, मग तिचा कारखाना. वाटेत दोन्ही बाजूंना मागाचा खडखडाट इतका की बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आई पाढे मोठ्यानं म्हणून घ्यायची. तेलुगूत. शाळेत गेल्यावर मी तेच मराठीत म्हणायचो. मला आजही बे दुणे चारच्या आधी तेलुगू आकडे आठवतात.

परत येताना ती कधी गप्प असली तर आम्हाला कळायचं की आज चेकरनं पुष्कळ बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या. त्या दिवशी आम्ही काही मागायचो नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. बरोबर चालणाऱ्या माणसाची चाल कळते.

तुमच्या लेकीलाही तुमची चाल कळत असणार, हे लक्षात ठेवा.

---

होटगीरोडची_आई | ५ डिसेंबर, रात्री ११.२०

धागा छान आहे, पण स्पष्ट लिहिते, राग मानू नका. हे ज्याचं दुकान साडेदहाला उघडतं त्याला जमतं. माझी ड्यूटी नऊला. यांची फर्स्ट शिफ्ट. मुलगा पहिलीत, शाळा अडीच किलोमीटर. तो रिक्षातून जातो, त्या रिक्षात अजून आठ मुलं असतात. मला ते आवडत नाही, पण दुसरं काय करू?

गेल्या वर्षी एकदा रजा होती म्हणून हौसेनं चालत निघाले. उसाचा हंगाम. रस्त्याच्या कडेला ड्रेनेजसाठी चर खणून ठेवलेली, त्यामुळे कडेनं चालायला जागाच नाही. मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. पुढची ट्रॉली गेली म्हणून मी मुलाला घेऊन पाऊल टाकलं, आणि मागची ट्रॉली वळणावर आत आली. ऊस त्याच्या दप्तराला घासून गेला. तो रडला नाही, मी रडले. त्यानंतर नाही गेले.

त्यामुळे ‘मोबाइल खिशात ठेवून वीस मिनिटं’ वाचलं की मला अपराधी वाटतं. माझ्यासारख्या बायका या शहरात पुष्कळ आहेत.

---

चौपाडकर | ६ डिसेंबर, सकाळी ७.३०

ताई, राग कसला. तुमचं म्हणणं खरं आहे. माझ्याकडे सकाळचा मोकळा वेळ आहे, हे मी गृहीतच धरून लिहिलं. दप्तराला ऊस घासल्याचं वाचून रात्री झोप लागली नाही.

---

खडू_फळा | ६ डिसेंबर, दुपारी ४.१५

मी प्राथमिक शिक्षिका, बावीस वर्षं झाली. शाळेचं नाव लिहीत नाही. जे रोज दिसतं ते सांगते.

आधी अंतराचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत हवी असं धरलंय. म्हणजे मूल घरापासून चालत येईल हीच मूळ कल्पना. आपण आपल्या हौसेनं मुलं शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला पाठवायला लागलो, तसा चालण्याचा प्रश्न अवघड होत गेला. शाळा निवडताना माध्यम, फी, निकाल सगळं विचारतात. ‘मूल चालत येऊ शकेल का’ असं विचारणारे पालक मला बावीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

आता गेटचं. शाळेजवळ मुलांना सगळ्यात जास्त धोका कुणाचा? सोडायला आलेल्या पालकांच्याच गाड्यांचा. नऊला पाच मिनिटं कमी असताना आमच्या गेटसमोर शंभरेक दुचाक्या वळत असतात. एका गाडीवर बाबा, पुढे एक, मागे दोन. कायद्यानं दुचाकीवर चालकाखेरीज एकच जण बसू शकतो आणि चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं. कुणाला आठवण करून दिली की उत्तर येतं, “इथंच तर जायचंय बाई.” चौपाडकर, तुम्हीही मुलीला पुढे उभं करत होता, म्हणून तुम्हालाही सांगते: अचानक ब्रेक लागला तर पुढे उभ्या मुलाचं तोंड थेट हँडलवर आपटतं. मी असे दोन ओठ फाटलेले पाहिलेत.

आणि दप्तर. २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा आहे. दुसरीचं मूल वीस-बावीस किलोचं असतं, म्हणजे दप्तर दोन किलोच्या आसपास. घरी वजनकाटा असेल तर आज रात्रीच ठेवून बघा. चालायचं असेल तर हे आधी करा, नाहीतर मूल चौथ्या दिवशी कंटाळेल आणि आपण म्हणू की याला चालायला आवडत नाही.

होटगीरोडच्या ताईंना एक सुचवते. पूर्ण चालणं जमत नसेल तर शेवटचा तुकडा चाला. शाळेच्या अलीकडे चारशे-पाचशे मीटरवर गाडी लावायची आणि तिथून हात धरून जायचं. सहा-सात मिनिटं. गेटची गर्दीही तेवढी कमी होते.

---

निवृत्त_रेल्वे | ६ डिसेंबर, रात्री ८.०५

मी आजोबा. मुरारजी पेठेत राहतो, नातवाला रोज सोडतो-आणतो. माझं वय सत्तरीला आलं. आम्हा दोघांचा वेग सारखाच आहे, त्यामुळे भांडण होत नाही.

पार्क चौकाबद्दल. मी चाळीस वर्षं रेल्वेत काढली, तिथे सुरक्षा म्हणजे तीच गोष्ट रोज त्याच क्रमानं करणं. नातवालाही तसंच शिकवलंय. कडेपासून एक पाऊल मागे थांबायचं. उजवीकडे बघायचं, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायचं: “आजोबा, रिक्षा येतीय, लांब आहे.” मग मी म्हणेन तेव्हा सरळ चालत पलीकडे. पळायचं नाही. पळालं की पाय अडकतो, आणि गाडीवाल्यालाही आपण कुठे जाणार ते समजत नाही.

मोठ्यानं सांगायला लावण्याचं कारण आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगानं येतेय याचा अंदाज नीट येत नाही. तो अंदाज नऊ-दहाव्या वर्षापर्यंत हळूहळू पक्का होतो. त्यामुळे त्याच्या ‘लांब आहे’वर मी रस्ता ओलांडत नाही, पण त्याचं कुठे चुकतं ते मला कळतं. जूनमध्ये तो दहापैकी सहा वेळा चुकायचा. आता क्वचित.

दुसरं, फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेनं चाला. म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. आणि मूल नेहमी आपल्या आतल्या बाजूला, भिंतीकडे. मनगट धरा, बोटं नको. बोट निसटतं.

---

शेंगाचटणी_कडकभाकरी | ६ डिसेंबर, रात्री ९.३०

आजोबा, मनगटाचं शंभर टक्के बरोबर.

कुत्र्यांचं कुणी लिहिलंच नाही. आमच्या जुळे सोलापुरात सकाळी कचऱ्यापाशी सात-आठ असतात. मुलाला आम्ही शिकवलंय: पळायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, दप्तर पुढे घ्यायचं आणि झाडासारखं उभं राहायचं. दोनदा उपयोग झाला.

आणि ज्या दिवशी नळाला पाणी असेल त्या दिवशी काय करता? चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि नेमकं शाळेच्या वेळेला येतं. त्या दिवशी आमच्याकडे कुणीच घर सोडू शकत नाही.

---

चौपाडकर | ६ डिसेंबर, रात्री १०.००

पाण्याच्या दिवशी आमचंही गणित कोलमडतं. आतापर्यंत त्या दिवशी गाडीच काढायचो. पण परवा शेजारच्या गल्लीतल्या वहिनी म्हणाल्या की त्यांची दोन मुलंही त्याच शाळेत आहेत, आणि पाणी त्यांच्याकडे आमच्या दुसऱ्या दिवशी येतं. आमच्या पाण्याच्या दिवशी त्या तिघांना नेतील, त्यांच्या पाण्याच्या दिवशी मी.

बाई, गाडीवर पुढे उभं करण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून गप्प झालो. पुन्हा करणार नाही. दप्तर ठेवलं काट्यावर. तीन किलो आठशे! त्यात मागच्या परीक्षेच्या दोन वह्या, रिकामा डबा, आणि नवी पेठेतून गोळा केलेले सात दगड निघाले. दगड तिने परत ठेवायला लावले, वह्या काढल्या.

---

मूळचा_सोलापूरचा | ७ डिसेंबर, दुपारी १.१०

सध्या जपानमध्ये आहे, कामानिमित्त. वहिनींची मुलं आणि तुमची मुलगी मिळून जे करणार आहात, ते इथे गावोगाव चालतं. एका भागातली प्राथमिक शाळेची मुलं ठरलेल्या ठिकाणी जमतात, सहावीतलं मूल पुढे, पहिलीतली मधे, आणि रांग निघते. लहानांच्या डोक्यावर पिवळी टोपी किंवा दप्तरावर पिवळं कव्हर. चौकात पालक किंवा म्हातारी माणसं झेंडा घेऊन उभी असतात, पाळीपाळीनं. मुलं ओलांडली की चालकाला वाकून नमस्कार करतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या लहानपणची चार-चार पोरांची टोळी आठवली. तेव्हा मोठ्या दादाच्या भरवशावर आई सोडायची. रस्त्यावर एवढ्या गाड्या नव्हत्या, हाच काय तो फरक. इथे गाड्या आहेत, पण शाळेच्या वाटा ठरवलेल्या आहेत आणि त्या वाटांवर गाडीवाला हळू जातो. आपल्या शहराचं नाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा हे आपल्याच देशाच्या रस्ते-मानकात लिहिलेलं आहे. मूल आणि त्याचा हात धरलेलं माणूस शेजारी शेजारी चालू शकेल एवढी जागा. नवी पेठेत ती कधी मिळेल?

---

होटगीरोडची_आई | १३ डिसेंबर, रात्री ९.४५

बाईंनी सांगितलेलं करून बघितलं. रिक्षा बंद केली नाही, पण मंगळवारी आणि शुक्रवारी मी स्वतः नेते. शाळेच्या अलीकडे एक मारुतीचं देऊळ आहे, तिथे गाडी लावते. तिथून पाच-सहा मिनिटं. रस्ता आतला आहे, ट्रॅक्टर येत नाहीत. ऑफिसला दहा मिनिटं उशीर होतो, साहेबांशी बोलून ते शनिवारी भरून काढायचं ठरलंय.

मुलगा पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, “आई, तू आज घाईत नाहीस?” अजून काय लिहू.

---

पूर्वभाग_७४ | १३ डिसेंबर, रात्री १०.०२

अक्का, दोन दिवस पुष्कळ झाले. माझी आई रोज बरोबर चालायची म्हणून लिहिलं, पण ती बरोबर चालायची कारण तिला कारखान्यात जायचं होतं. वेगळा वेळ काढायची चैन तिला नव्हती. तुम्ही वेळ काढताय.

---

खडू_फळा | १४ डिसेंबर, दुपारी ३.३०

उन्हाचं राहिलं होतं. मार्चपासून येताना टोपी नको, ती वाऱ्यानं उडते आणि मुलं हातात घेऊन फिरवतात. आपला सोलापुरी टॉवेल, लहान आकाराचा, ओला करून पिळून डोक्यावर आणि मानेवर. शाळेतून निघण्याआधी पाणी प्यायला लावा, वाटेत नको, कारण वाटेत ते विसरतात. एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की येताना खुशाल रिक्षा करा. सकाळी जाताना चाला, सातला हवा चांगली असते. सगळं किंवा काहीच नाही असा हट्ट धरू नका, हट्टानं सवय मोडते.

पावसाची मात्र आपल्याकडे फार काळजी नाही. छत्रीचे दिवस मोजकेच.

---

चौपाडकर | १२ जानेवारी, रात्री ९.१५

महिनाभरानं लिहितोय. आता आम्ही पाच मुलं आणि पाळीचं एक मोठं माणूस असे निघतो. निवृत्त रेल्वेकाकांचं ‘मोठ्यानं सांगा’ सगळ्यांना शिकवलंय, त्यामुळे पार्क चौकात पाचजण एकदम ओरडतात आणि रिक्षावाले आता लांबूनच हात दाखवून थांबतात. पाच मुलं दिसतात, एक दिसत नव्हतं. धडधड कमी झालीय, गेलेली नाही.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली होती. चालायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी चार पुतळ्यांपाशी मुलगी थांबली आणि म्हणाली, “हे चौघं कोण?” दिवाळीपर्यंत गाडीवरून ती रोज त्यांच्यासमोरून गेली होती, एकदाही विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. मे १९३० मध्ये आपल्या गावातल्या लोकांनी इंग्रजांचा अंमल काही दिवस उठवून लावला होता, मग मार्शल लॉ आला, आणि या चौघांना येरवड्याला फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एका दिवसात एवढंच झालं, शाळा आली. मग रोज थोडं थोडं. ती नावं तिने पावलांवर बसवली, चौक ओलांडला की चार नावं म्हणत चालायची. आता पाचही मुलं म्हणतात.

फाशीची तारीख १२ जानेवारी १९३१. म्हणजे आज. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, “मग त्या दिवशी आपण काय करायचं?”

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, बाळीवेशीकडे नंदीध्वजांची धांदल, गावभर पाहुणे. आमच्या घरीही आठ माणसं. तरी मुलं आज पंधरा मिनिटं आधी निघाली. वहिनींच्या धाकट्यानं घरचा झेंडू आणला होता, बाकीच्यांनी नवी पेठेच्या कोपऱ्यावर घेतला. पुतळ्यांना मोठे हार आधीच पडलेले होते. मुलांचे हात चौथऱ्याच्या वर पोचेनात. बंदोबस्ताला उभ्या पोलिसानं काठी बाजूला ठेवली आणि एकेकाला कमरेला धरून वर उचललं. फुलं चार आणि मुलं पाच, म्हणून सगळ्यात लहान रुसला. त्याला त्या पोलिसकाकांनी हारातलं एक फूल काढून दिलं.

शाळेत सात मिनिटं उशीर झाला. बाईंना कारण मुलांनीच सांगितलं.

उद्या पाण्याचा दिवस आहे, वहिनी नेणार.